सोडली म्हणून सांगितलं, आणि पुन्हा लागली

पत्राचा सारांश: ५६ वर्षांच्या एका वाचकांचं हे पत्र आहे. चोविसाव्या वर्षी थोरल्या भावाबरोबर पहिली सिगारेट ओढली आणि पुढे ती दिवसाला पंधरा-वीसवर गेली. तीन वर्षांपूर्वी भावाला हृदयविकाराचा झटका आला. त्या धसक्याने यांनी एका दिवसात, कोणाच्याही मदतीशिवाय सिगारेट सोडली आणि सात महिने तिला हातही लावला नाही. मग भाऊ गेला. त्या दिवशी बाहेर उभं असताना कोणीतरी पाकीट पुढे केलं आणि यांनी एक घेतली. तेव्हापासून रोज चार-पाच लपूनछपून चालू आहेत. घरी सगळ्यांना वाटतं की सुटली. मुलगी चारचौघांत कौतुकाने सांगते, "बाबांनी एका दिवसात सोडली." तीच मुलगी दोन महिन्यांनी तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येणार आहे. "त्याआधी गुपचूप सोडून टाकावी म्हणजे कोणाला काही कळायलाच नको, असं ठरवलंय. पण माझ्यात मनोनिग्रह उरलेला नाही. मागच्या वेळी पंधरा-पंधरा दिवस धड झोप नव्हती, वजन सहा किलोंनी वाढलं. चार-पाचवर आणलीय, तेवढीच राहू द्यावी का? या वयात सोडून आता मोठा काय फरक पडणार, असंही मनात येतं. सांगावं की न सांगता सोडावी? आणि एक. बायको याबद्दल कधीच काही बोललेली नाही. तिला कळलं असेल का?"

उत्तर:

तुमचा शेवटचा प्रश्न मी शेवटासाठीच ठेवतो. आधी त्या मनोनिग्रहाबद्दल बोलू. सारांशात तो एकदाच आला असला तरी तुमच्या मूळ पत्रात तो तीनदा आलाय, आणि तिन्ही वेळा मला खटकला.

सात महिने म्हणजे दोनशे दहा दिवस. दिवसाला पंधरा धरल्या तरी तीन हजारांहून जास्त सिगारेटी तुम्ही ओढल्या नाहीत. कुठलंही औषध किंवा पॅच (कातडीवर लावायची निकोटीनची पट्टी) न घेता, कोणाचा सल्ला न घेता, नुसतं ठरवून सोडणाऱ्या शंभर जणांकडे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पाहिलं, तर त्यातले जेमतेम तीन ते पाच जण अजून लांब राहिलेले असतात. सहावा महिना संपला तेव्हा तुम्ही त्या तीन-पाच जणांत होता. ज्याच्यात निग्रह नाही तो माणूस तिथपर्यंत पोचतच नाही. तेव्हा 'माझ्यात ते नाहीच' हे वाक्य कृपा करून बाजूला ठेवा. ते खरं नाही. शिवाय पुढच्या खेपेला सगळ्यात आधी तेच आडवं येईल.

मग सातव्या महिन्यात काय झालं? झुरक्यातलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि तिथल्या विशिष्ट रिसेप्टरांवर, म्हणजे पेशींवरच्या निकोटीन बसण्याच्या जागांवर, जाऊन बसतं. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या मेंदूत हे रिसेप्टर वाढलेले असतात. निकोटीन मिळालं नाही की ते मागणी करायला लागतात, तीच आपली तलफ. पण सोडल्यावर साधारण दीड ते तीन महिन्यांत त्यांची संख्या न ओढणाऱ्या माणसाइतकी होते. म्हणजे भाऊ गेला त्या दिवशी तुमच्या शरीराला निकोटीन नको होतं. शरीर कधीच मोकळं झालं होतं. तरीही हात गेला.

इथे मला तुमच्या पत्रातला एक तपशील महत्त्वाचा वाटतो, जो तुम्ही जाता जाता लिहिलाय. पहिली सिगारेट तुम्ही भावाबरोबर ओढली होती. पुढची कित्येक वर्षं तुम्ही दोघं भेटलात की बाहेर जाऊन उभे राहत असाल. तीस वर्षं ज्याच्याशी बोलताना हातात सिगारेट होती, तो माणूस गेला, आणि नेमकी त्याच क्षणी कोणीतरी ती पुढे केली. तुम्ही घेतली. मला यात दुबळेपणा दिसत नाही, दुःख दिसतं. आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी तुम्ही जी दहा मिनिटं एकटे बाहेर जाऊन उभे राहता, ती कदाचित त्याच्यासाठीची एकमेव वेळ उरली असेल. तुम्ही त्याच्याविषयी घरात किती बोललात? पत्रात तरी तसं कुठे आलेलं नाही. मी चुकत असेन. पण बरोबर असेन, तर सिगारेट सोडताना तुम्हाला आतून वाटत राहील की आपण आणखी काहीतरी सोडून देतोय, आणि ते काय हे न कळल्यामुळे ते जास्त जड जाईल. म्हणून ती दहा मिनिटं सोडू नका. बाहेर जा, उभे राहा, त्याची आठवण काढा. फक्त पहिले काही आठवडे जागा बदला, कारण नेहमीच्या कोपऱ्यात पाय ठेवला की हात आपोआप खिशाकडे जातो.

आता त्या एका सिगारेटबद्दल. ॲलन मार्लट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी व्यसनमुक्तीच्या अभ्यासात एक फरक स्पष्ट करून दाखवला होता. पाय घसरणं वेगळं आणि पुन्हा जुन्या मार्गाला लागणं वेगळं. एकदा घसरल्यावर माणूस स्वतःला काय सांगतो, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. 'आज वाईट दिवस होता, एक ओढली, उद्या नाही' असं म्हणणारा सावरतो. 'झालं, मोडलं, मी हा असाच' असं म्हणणारा दुसरी पेटवतो. तुमच्याबाबतीत दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट आडवी आली. घरात तुमचं कौतुक झालेलं होतं. 'काल एक ओढली' हे साधं वाक्य त्या कौतुकामुळे अवघड होऊन बसलं. तुम्ही ते बोलला नाहीत, आणि न बोललेल्या त्या पहिल्या सिगारेटला झाकायला दुसरी लागली.

म्हणूनच 'गुपचूप सोडतो' ही तुमची योजना मला पटत नाही. खोटं बोलणं वाईट वगैरे उपदेश मला करायचा नाही. तुम्ही लपवलंत ते कोणाला फसवायला नाही, मुलीच्या डोळ्यांतलं काहीतरी जपायला, हे मला कळतं. माझी हरकत अगदी व्यवहाराची आहे. गुपचूप सोडायची म्हणजे काय काय करावं लागेल ते पाहा. पॅच लावायचा तर तो दंडावर किंवा छातीवर दिसणार. निकोटीनच्या च्युइंग गमची पाकिटं लपवावी लागणार. डॉक्टरांकडे गेलात तर चिठ्ठी आणि गोळ्या लपवाव्या लागणार. तिसऱ्या दिवशी चिडचिड झाली की घरातले विचारणार, 'काय झालंय?' आणि तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नसणार. म्हणजे तुम्ही पुन्हा एकदा कुठल्याही मदतीविना सोडायला निघालात, त्या शंभरातल्या तीन-पाचांच्या वाटेने. एकदा तिथवर पोचलात म्हणून दर वेळी तीच खडी वाट धरायचं कारण नाही.

शिवाय लपवणं हा आता तुमच्या सवयीचाच भाग झालाय. कारण काढून बाहेर पडायचं, आडोसा शोधायचा, परत येताना हात धुवायचे, चूळ भरायची. यातली प्रत्येक हालचाल मेंदूने सिगारेटशी जोडून ठेवलेली आहे. लपवायचं काही उरलं नाही की यातलं निम्मं आपोआप गळून पडतं. हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी बावीस वर्षं ओढली आणि त्यातलं शेवटचं दीड वर्ष लपवून ओढली. चौथ्या प्रयत्नात सुटली. आधीचे तिन्ही प्रयत्न गुपचूप होते.

सांगायचं म्हणजे दवंडी पिटायची असं नाही. एका माणसाला सांगा. माझ्या मते ती व्यक्ती तुमची पत्नी असावी. मुलीला आज सांगायलाच हवं असं मला वाटत नाही. ती बाळंतपणात गुंतलेली आहे, आणि तुमच्याकडे तिला सांगण्यासारखं काहीतरी चांगलं जमेपर्यंत थांबलात तर बिघडत नाही. पण केव्हातरी तिलाही सांगा. 'बाबांनी एका दिवसात सोडली' या गोष्टीपेक्षा 'बाबांनी सोडली, पुन्हा लागली, पुन्हा सोडली' ही गोष्ट तिला आयुष्यात जास्त उपयोगी पडेल. हे वाचणाऱ्या काहींच्या घरात मात्र सांगणं म्हणजे वादळ ओढवून घेणं असेल. टोमणे, भांडण, प्रसंगी त्याहून वाईट. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत हे फार होतं, आणि म्हणून कितीतरी जणी मदत मागायलाच जात नाहीत. त्यांनी घरी सांगायची सक्ती स्वतःवर करू नये. डॉक्टर, समुपदेशक, एखादी मैत्रीण, कोणीही चालेल. आपण सोडतोय हे माहीत असलेला आणि चौथ्या दिवशी 'कसं चाललंय?' असं विचारणारा एक माणूस जगात असला म्हणजे झालं.

'चार-पाचवर आणलीय, तेवढीच राहू द्यावी का?' याला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. आणि तुमच्या घरात हृदयविकार असताना तर नक्कीच नाही. कर्करोगाचा धोका सिगारेटी कमी केल्याने काही प्रमाणात उतरतो. हृदयाचा हिशोब तसा चालत नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं एक विश्लेषण ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं होतं. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जास्तीचा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो, असं त्यात दिसलं. त्यात कमी ओढणारा माणूस प्रत्येक सिगारेट वसूल करतो. झुरका खोल घेतो, धूर जास्त वेळ आत धरतो, थोटूक अगदी फिल्टरपर्यंत नेतो. तुमची संध्याकाळची सिगारेट कशी ओढली जाते ते आज लक्ष देऊन पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

हळूहळू कमी करत न्यावी की एका दिवशी बंद करावी, हाही प्रश्न बरेच जण विचारतात. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे सातशे जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवस ठरवून एकदम थांबणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनंतर थांबलेले होते, तर दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवून थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्के. तुम्ही तशीही चार-पाचवर आहात. आणखी कमी करण्यात वेळ घालवू नका.

वयाचं म्हणाल तर ब्रिटिश डॉक्टर आणि संशोधक रिचर्ड डॉल यांची आठवण होते. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा त्यांचा आणि संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांचा अभ्यास १९५० मध्ये आला. डॉल स्वतः ओढत होते. हातातले आकडे काय सांगताहेत हे दिसल्यावर त्यांनी काम पूर्ण व्हायच्या आधीच सिगारेट सोडली. पुढे १९५१ पासून ब्रिटनमधल्या डॉक्टरांची पन्नास वर्षं पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. पन्नाशीत सोडणाऱ्यांना त्यातली साधारण सहा वर्षं परत मिळाली, साठीत सोडणाऱ्यांना तीन. तुम्ही या दोघांच्या मधे आहात. आणि सगळंच काही वीस वर्षांनी मिळत नाही. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो. वर्षभरात हृदयविकाराचा जास्तीचा धोका साधारण निम्म्यावर येतो. फुप्फुसांची जी ताकद गेली ती पूर्ण परत येत नाही, हे खोटं कशाला सांगू. पण सोडल्यापासून ती ज्या वेगाने घटत असते तो वेग न ओढणाऱ्या माणसासारखा होतो. सत्तरीत जिना चढताना हा फरक पायांना कळतो.

बाळाबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी थोडक्यात सांगतो, कारण ते तुमच्या मनात आहेच. तान्ह्या बाळांना दुसऱ्याच्या धुराने छातीचे आणि कानाचे आजार जास्त होतात, आणि झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही वाढतो. खिडकीशी उभं राहून ओढल्याने घरातला धूर टळत नाही, आणि बाहेर ओढून आलं तरी धुराचे अंश कपड्यांवर, हातांवर राहतातच. बाळाला निर्धास्त छातीशी धरायचं असेल तर सोडणं हाच मार्ग आहे.

पण बाळ येण्याचा दिवस हा सोडण्याचा दिवस ठरवू नका. निकोटीन बंद झाल्याचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि बहुतेक दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तुमच्याकडे दोन महिने आहेत. येत्या दोन आठवड्यांतला एखादा दिवस धरलात तर मुलगी दारात येईल तेव्हा तुम्ही पलीकडच्या काठावर असाल.

या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. घरात हृदयविकार आहे, तीस वर्षांची सवय आहे, तेव्हा रक्तदाब आणि हृदयाची तपासणी त्याच निमित्ताने होऊन जाईल. तुम्ही किती वर्षं आणि रोज किती ओढली हे स्पष्ट सांगा. त्यावरून फुप्फुसांची तपासणी लागेल का ते ठरतं. लपवलेली अडीच वर्षंही सांगा. मग औषधांचं विचारा.

पॅच आणि गम हे दोन्ही एकत्र वापरलं तर एकट्यादुकट्यापेक्षा चांगला उपयोग होतो. पॅच दिवसभर संथपणे निकोटीन देत राहतो आणि अचानक उसळणाऱ्या तलफेला गम. दिवसाला दहाच्या वर ओढणाऱ्यांना सहसा २१ मिलिग्रॅमच्या पॅचने सुरुवात करतात, त्याहून कमी ओढणाऱ्यांना १४. गममध्ये २ आणि ४ मिलिग्रॅम असे प्रकार असतात. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ ची गम, एरवी २ ची. आणि गम कशी चघळायची ते नीट शिकून घ्या, कारण बरेच जण इथेच फसतात. ती साध्या च्युइंग गमसारखी सतत चावायची नसते. थोडी चावायची, जिभेला झिणझिण्या आल्या की गालाच्या आत दाबून ठेवायची, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायची. कॉफी किंवा फळांचा रस घेऊन लगेच गम खाल्ली तर तोंडातल्या आंबटपणामुळे निकोटीन आत शोषलंच जात नाही, म्हणून पंधरा मिनिटं आधीपासून काही पिऊ नये. सतत चावली तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळतं, आणि माणूस म्हणतो, 'मला गम चालत नाही.'

'एक व्यसन सोडून दुसरं लावून घेतोय' ही भीती मला तुमच्या वयाच्या पुरुषांत फार दिसते. सिगारेटचं वेड लागतं ते निकोटीनमुळे, पण जीव जातो तो मुख्यतः धुरातल्या डांबरामुळे, वायूंमुळे. पॅचमध्ये धूर नाही, आणि त्यातलं निकोटीन इतकं सावकाश येतं की मेंदूला ती सिगारेटसारखी तडक पोच मिळत नाही. आठ ते बारा आठवड्यांत तो उतरवायचा असतो. (तंबाखू तोंडात धरणं हा मात्र पर्याय नव्हे. त्याने तोंडाचा कर्करोग होतो.) व्हॅरेनिक्लिन नावाची गोळीही आहे. ती त्याच रिसेप्टरांवर बसते, त्यांना थोडंसं चाळवते आणि निकोटीनला जागा देत नाही, त्यामुळे चुकून ओढली तरी पूर्वीची मजा येत नाही. ती सोडायच्या दिवसाच्या आठवडाभर आधी सुरू करावी लागते. काहींना तिने मळमळतं, म्हणून पोटात काहीतरी असताना घ्यायची. तिच्याने मन बिघडतं अशी भीती बरीच वर्षं होती, पण २०१६ मध्ये आठ हजारांहून जास्त लोकांवरच्या मोठ्या चाचणीत तसा लक्षणीय वाढीव धोका आढळला नाही. तुम्हाला काय योग्य ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही विचारायचं मात्र विसरू नका, कारण पुष्कळदा रुग्ण विचारत नाही म्हणून डॉक्टरही सांगत नाहीत.

मागच्या वेळची झोप. यात एक गोष्ट दडलेली असू शकते. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीन भराभर निकालात काढतं. सिगारेट थांबली की यकृताचा तो वेग उतरतो, आणि तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तातलं कॅफीन दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते, आणि माणसाला वाटतं की हे सगळं सिगारेट सोडल्यामुळे. या खेपेला पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा आणि दुपारनंतर घेऊच नका. याच कारणाने काही औषधांचा डोसही बदलावा लागतो, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. पॅचमुळे रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर तो झोपताना काढून ठेवला तरी चालतो. पहिल्या काही आठवड्यांत खोकला वाढला तर घाबरू नका, श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा कामाला लागल्याची ती खूण असते. रक्त पडलं किंवा खोकला लांबला तर मात्र दाखवा.

वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं. तुमचं सहा वाढलं. सिगारेटच्या तुलनेत हृदयाला ते पुष्कळ स्वस्त पडतं. ते पुढच्या वर्षी बघू.

तलफेविषयी मात्र थोडं थांबतो, कारण सगळी लढाई त्या काही मिनिटांत होते. ती आली की वाटतं, आता ओढेपर्यंत ही वाढतच जाणार. तसं होत नाही. ओढा किंवा ओढू नका, ती काही मिनिटांत उतरते. मी त्या वेळी नळ सोडायचो आणि दोन्ही हात मनगटापर्यंत गार पाण्याखाली धरायचो. ओल्या हातांनी सिगारेट धरता येत नाही, काडी पेटवता येत नाही. पाण्याचा आवाज ऐकत उभा राहायचो, श्वास मोजायचो, बोटं गार पडायची. हात पुसेपर्यंत ती ओसरलेली असायची. पहिल्या आठवड्यात मी दिवसातून दहा-बारा वेळा हात धुतले असतील. तुमचं काहीतरी वेगळं असेल, पण ते आधीच ठरवून ठेवा. ऐन वेळी सुचत नाही.

तसंच घसरल्यावर काय करायचं हेही आजच ठरवा. हे ऐकून काहींना वाटतं की आपण पळवाट ठेवतोय. तुम्ही एकदा अनुभव घेतलाय, तुम्हाला कळेल. एक ओढली गेली, तर उरलेलं पाकीट तिथेच पाण्यात बुडवून टाकायचं, पॅच काढायचा नाही, आणि त्याच संध्याकाळी त्या एका माणसाला सांगायचं. दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. मागच्या वेळी तुमच्याकडे फक्त ही संध्याकाळ नव्हती. आणि भावाचा वर्षदिन, त्याचा वाढदिवस, कुणाचं जाणं, असे दिवस आधीच ओळखून ठेवा. त्या दिवशी बाहेर उभ्या असलेल्या घोळक्यात एकटे जाऊ नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तिला कळलं असेल का?

सोडल्यावर पाचव्या-सहाव्या आठवड्यात मी एकदा कपाट उघडलं. आधीच्या थंडीत घातलेला एक कोट मागे लटकत होता. तो बाहेर काढला आणि मला पाऊलभर मागे सरकावं लागलं. इतका उग्र वास होता. ओढणाऱ्याचं नाक मंद झालेलं असतं, सोडल्यावर ते हळूहळू परत येतं, हे मला वाचून माहीत होतं. पण हा वास दीड वर्ष रोज संध्याकाळी माझ्याबरोबर घरात येत होता, आणि मी हात धुऊन, चूळ भरून, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने जेवायला बसत होतो, हे त्या कपाटासमोर पहिल्यांदा कळलं. मी बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

तुमच्या घरातलं मी इथून सांगू शकत नाही. पण तिला माहीत आहे असं धरूनच बोलायला बसा. फार मोठी तयारी नको. दिवसभराची कामं आटोपली की सांगा, 'दादा गेला त्या दिवसापासून माझी पुन्हा चालू आहे. आता सोडायची आहे, डॉक्टरांकडे जातोय, तूही चल.' आणि पॅच मिळाला की पहिला तिच्याकडूनच लावून घ्या. त्याची जागा रोज बदलावी लागते, आणि पाठीवर वरच्या बाजूला आपला आपला हात पोचत नाही.